तेलाचा पंप

आमच्या कचेरीतील टेबलावर, कागद उडू नयेत म्हणून, गेली दोन वर्षे एक लोखंडी वस्तू ठेवलेली आहे. मुठीत मावेल एवढी, काळसर, जड, आणि एका टोकाला चपटी जीभ बाहेर काढलेली. पक्षकार आपली कैफियत सांगता सांगता ती हातात घेतात, फिरवून पाहतात आणि मध्येच विचारतात, "वकीलबाब, हें कितें?" भाटाच्या वाटणीचा दावा घेऊन आलेल्या एका वृद्ध गृहस्थांनी तर हा अडकित्त्याचाच काही विलायती प्रकार असावा असा तर्क केला होता. आम्ही सर्वांस एकच उत्तर देतो, "मोटारीच्या इंजिनातला तेलाचा पंप." त्यावर बहुतेक जण मान डोलावतात आणि पुन्हा आपल्या दाव्याकडे वळतात. क्वचित कोणी चौकस भेटतो आणि विचारतो, "मग तो मोटारीत का नाही?" तेव्हा आम्हांस थोडे लांबण लावावे लागते. आज ते लांबण कागदावर लावीत आहोत.

आमच्या आजोबांचा मडगावात नारळ-सुपारीचा व्यापार होता. १९५५ नंतर भारताने पोर्तुगीज गोव्याशी देवघेव तोडली, तेव्हा येथे माल यायचा तो मुरगाव बंदरातून, परदेशी बोटींनी. खाणींच्या धंद्याने पैसाही खेळू लागला होता. त्यामुळे सीमेपलीकडे बेळगावात किंवा कारवारात मोटारीसाठी नंबर लावून बसावे लागे, त्या दिवसांत आमच्याकडच्या लाल मातीच्या रस्त्यांवरून युरोपातल्या कारखान्यांच्या ताज्या गाड्या धावत. आजोबांनी १९५९ साली एक मॉरिस मायनर घेतली. फुगीर गालांची, गोल डोळ्यांची, ९४८ घनसेंटिमीटरच्या चार सिलिंडरी इंजिनाची ती गाडी घरात आली तेव्हा आमचे वडील सतरा वर्षांचे होते. तिच्यावरच ते मोटार चालवावयास शिकले, आणि शिकल्यावर पहिली लांबची फेरी त्यांनी मारली ती आजीला घेऊन कवळ्याच्या श्रीशांतादुर्गेला. ही हकीकत आम्ही इतक्या वेळा ऐकली आहे की, त्या दिवशी आजी कोणते लुगडे नेसली होती हेही आम्ही शपथेवर सांगू शकू. आमचा जन्म त्यानंतर वीस वर्षांनी झाला, तेव्हा हा सारा ऐकीव पुरावा ठरतो ही गोष्ट अलाहिदा.

पुढे घरात दुसऱ्या गाड्या आल्या. मॉरिस २००३ साली जी मागच्या अंगणातील कौलारू छपराखाली गेली, ती तेथेच राहिली. तिच्यावर नारळाची सोडणे रचली गेली, मांजरीची दोन बाळंतपणे तिच्या मागच्या बैठकीवर झाली. मग २०२२ च्या चतुर्थीत, वडिलांच्या सहस्रचंद्रदर्शनाची बोलणी घरात निघाली असता ते सहज म्हणाले, "समारंभाच्या आधी एकदा देवीला नारळ ठेवून येऊ. आपल्या गाडीने." आपली गाडी म्हणजे कोणती हे कोणी विचारले नाही. वडिलांनी आयुष्यात मागणे असे फार थोडे केले. समारंभ माघात होता. हाताशी पाच महिने होते.

गाडी ओढत नेली ती आमच्या मेस्तांकडे. मेस्त सत्तरीचे. लहानपणी वडिलांबरोबर हत्यारे उचलून देत ते हा धंदा शिकले, आणि त्यांच्या वडिलांनी आजोबांच्या हयातीत ह्याच गाडीचे हेड उतरवले होते. त्यांनी इंजिन बाहेर काढले आणि सुटे केले. चारही सिलिंडरांना बोअर मारावे लागले, पिस्टन व रिंगा नव्या, क्रँक घासून त्याला कमी मापाची बेअरिंगे, व्हॉल्व्ह, गाइड. दर आठवड्यास एक नवी चिठ्ठी येई आणि ती आमच्या सौभाग्यवतींच्या नजरेस पडू नये अशी व्यवस्था आम्ही करीत असू. अशा मनःस्थितीत एका संध्याकाळी मेस्तांनी आम्हांस बोलावून घेतले आणि बाकावर उघडून ठेवलेला तेलाचा पंप दाखवला.

ज्यांनी मोटारीचे झाकण कधी उघडले नाही त्यांच्यासाठी येथे चार शब्द सांगणे प्राप्त आहे. इंजिनाच्या तळाशी कढईसारखे एक पात्र असते, त्यास गॅरेजात 'चेंबर' म्हणतात. आमच्या गाडीत त्यात साडेतीन लिटरांच्या आसपास तेल राहते. पंप हे तेल एका जाळीतून वर ओढतो आणि बारीक वाटांनी क्रँकच्या व कॅमशाफ्टच्या बेअरिंगांपर्यंत पोचवतो. तेथून ते ठिबकून पुन्हा चेंबरात येते. देवळात समईची वात जळते तोवर तेल घालणारा जागा असावा लागतो. तशी ही चाकरी, पण मिनिटाला शेकडो फेऱ्यांची. आमच्या इंजिनातला पंप कॅमशाफ्टच्या मागच्या टोकाला जोडलेला असतो आणि त्याच्याच गतीने, म्हणजे क्रँकच्या निम्म्या गतीने, फिरतो. त्याच्या पोटात चाकात चाक असते. आतल्या चाकाला बाहेरच्यापेक्षा एक दात कमी, आणि दोघांचे मध्यबिंदू किंचित सरकलेले. त्यामुळे फिरताना एका बाजूस पोकळी वाढत जाते, तीत तेल ओढले जाते. दुसऱ्या बाजूस ती मिटत जाते, तेथून तेल ढकलले जाते. एवढेच. झडप नाही, स्प्रिंग नाही. मात्र चाके आणि त्यांची भिंत यांच्यात फट जेवढी जास्त, तेवढे ढकललेले तेल परत मागे निसटते.

मेस्तांनी पंपाच्या तोंडावर पोलादी पट्टी आडवी धरली आणि पट्टी व चाक यांच्यामध्ये फीलर गेजचे पान सरकवले. कारखान्याच्या पुस्तकाप्रमाणे येथे ०.००५ इंचाहून अधिक फट चालत नाही. इंचाच्या हजाराव्या भागास गॅरेजात 'थाऊ' म्हणतात. तेथे ८ थाऊचे पान आरामात गेले. झाकणाच्या आतल्या बाजूस वर्तुळाकार ओरखडे होते, त्यांवरून त्यांनी आमचे नख फिरवावयास लावले. नख अडखळले. नवा पंप घ्यावा लागेल, तो इंग्लंडातून मागवावा लागेल, महिना-दीड महिना लागेल, असे ते म्हणाले.

आम्ही त्यांची उलटतपासणी घेतली. हा शब्द आम्ही जाणूनबुजून वापरीत आहोत. पंप बंद पडला होता काय? नाही. फिरत होता ना? होय. तेल ओढत होता? ओढत होता. मग जो अवयव जन्मभर तेलात बुडालेला, ज्याला कोरड म्हणून ठाऊक नाही, तो झिजेल कसा? यावर मेस्त म्हणाले, "वकीलबाब, म्हेळें तेल सगळ्यांआदीं तोच पियेता." मळलेले तेल सर्वांच्या आधी पंपच पितो. हे त्यांचे म्हणणे अक्षरशः खरे होते. तेल गाळणारा फिल्टर पंपाच्या पुढे असतो, मागे नव्हे. बाकीच्या सर्व अवयवांना गाळलेले तेल मिळते, पंपाला फक्त जाळीतून आलेले. पण आम्ही आमच्या ओघात होतो. ५ आणि ८ यांत फरक किती? ३ थाऊ. म्हणजे जेमतेम एका केसाएवढा? होय, केसाएवढा. "तर मग मेस्त, एका केसासाठी दीड महिना?" बाजूला उभी असलेली दोन पोरे हसली. न्यायालयात असे हसू ऐकू आले की आमच्या अंगावर मूठभर मांस चढते. तेथेही चढले. मेस्तांनी पंपाचे झाकण फडक्याने पुसले आणि म्हणाले, "तुमची खोशी, वकीलबाब."

जुनाच पंप साफ करून बसवला गेला. हा पंप असतो इंजिनाच्या मागच्या बाजूस, फ्लायव्हीलच्या आड. पुढे कधी त्याच्यापर्यंत पोचायचे झाले तर इंजिन उतरवा, क्लच काढा, फ्लायव्हील काढा, मागची प्लेट काढा, मग पंप दिसतो. हे आम्हांस तेव्हा कोणी सांगितले नाही असे आम्ही म्हणू शकलो असतो. पण मेस्तांनी सांगितले होते.

माघातल्या एका सकाळी, २०२३ साली, वडील, आई, सौभाग्यवती आणि आम्ही निघालो. इंजिन बांधल्यापासून काट्यावर सुमारे चारशे किलोमीटर झाले होते. वडील पुढे आमच्या शेजारी बसले होते, मांडीवर नारळ व ओटीची पिशवी. राय, लोटली मागे पडली. बोरीच्या पुलावर त्यांनी काच खाली केली आणि जुवारी पाहिली. चढ गाडीने झोकात काढला. फोंड्याच्या बाजारात वाहनांच्या गर्दीत थांबलो असता वडील म्हणाले, "तेलाचा दिवा मिणमिणतो रे."

खरोखर मिणमिणत होता. गती दिली की जाई, सोडली की पुन्हा दिसे. आम्ही म्हणालो की, नवे इंजिन आहे, बसायला वेळ लागतो. आणि गती दिल्यावर दिवा जातो त्या अर्थी तेल आहे. आज आम्हांस ठाऊक आहे की, त्या दिव्याची साक्ष फार तुटपुंजी असते. तेलाला थोडासा दाब आला की तो मालवतो. तो पुरेसा आहे की नाही याविषयी त्यास काही विचारू नये. जागेवर कोणी तरी उभे होते एवढेच सांगणाऱ्या साक्षीदारावर आम्ही कधी अशिलाचे घरदार लावले नसते. आणि असा साक्षीदारही जेव्हा गरम इंजिनाच्या मंद गतीत डळमळतो, तेव्हा बेअरिंगांपर्यंत जवळजवळ काहीच पोचत नाही असे समजावे. तेल तापून पातळ झालेले, पंप सर्वांत सावकाश फिरणारा, आणि त्याच्या पोटातली फट तेवढीच्या तेवढी: नेमकी हीच ती वेळ असते.

कवळे जेमतेम एक किलोमीटर राहिले असता आवाज सुरू झाला. लाकडाच्या ठोकळ्यावर कोणी लयीत हातोडी मारावी तसा. वडिलांनी आमच्याकडे पाहिले नाही. ते म्हणाले, "बंद कर." रस्त्याच्या कडेला एका माडाखाली गाडी उभी केली. रिक्षा मिळाली. देवीचे दर्शन झाले, नारळ ठेवला, ओटी भरली, महाजन मंडळींपैकी दोघे ओळखीचे भेटले, त्यांनी समारंभाचे आमंत्रण आनंदाने स्वीकारले. सर्व यथासांग झाले. परतताना भाड्याच्या गाडीत वडील एवढेच म्हणाले, "पुढच्या खेपेस टॅक्सीनेच येऊ." त्यांच्या स्वरात राग नव्हता, हेच आम्हांस अवघड गेले.

इंजिन पुन्हा उघडले गेले. तिसऱ्या सिलिंडरचे बिग-एंड बेअरिंग वितळून त्याचा पापुद्रा निघाला होता, दुसऱ्याचे त्याच वाटेवर होते, क्रँकवर चरे. तेल भरपूर होते. जाळी स्वच्छ होती. तेलाच्या वाटा मेस्तांनी बांधताना तारेने व हवेने साफ केल्या होत्या, त्या मोकळ्या होत्या. रिलीफ व्हॉल्व्हची स्प्रिंग मापात होती. मग पंप. तेथे आता ११ थाऊचे पान गेले. नव्याने बोअर मारलेल्या इंजिनातून पहिल्या काही शे किलोमीटरांत जो बारीक कीस निघतो, तो आधीच झिजलेल्या ह्या पंपाने सर्वांच्या आधी प्याला होता. एखाद्या न्यायाधीशापुढे, केवळ पंपामुळेच हे घडले असे सिद्ध करणे कठीण गेले असते, आणि विरुद्ध बाजूने आम्ही असतो तर संशयाचा फायदा बहुधा मिळवलाही असता. मेस्त मात्र काही बोलले नाहीत. त्यांनी फीलर गेज आमच्या हातात दिले आणि चहा सांगायला पोराला पाठवले.

क्षमा मागणे हे आमच्या धंद्यात रोजचे. न्यायालयापुढे आम्ही ती दिवसातून तीन वेळा मागतो, आणि न्यायालय ती मनावर घेत नाही. ह्या वेळी मात्र ती पोरे तेथे होती. ज्यांच्यासमोर आम्ही जिंकलो होतो त्यांच्यासमोरच ते बोलणे भाग होते, आणि ती पोरे आपल्या पान्यांकडे पाहत उभी राहिली. मेस्त म्हणाले, "जांव. आतां पंप पळोवया." असो, आता पंप पाहू.

आता पंप पाहायचा म्हणजे काय, हे आम्ही त्या पावसाळ्यात शिकलो. भ्यालेला माणूस नेहमी मोठे माप मागतो. आमचा एक भाचा पुण्यात इंजिनियर आहे. त्याने फोनवर सांगितले की, अधिक तेल ढकलणारे, अधिक उंच चाकांचे पंप मिळतात, शर्यतीच्या गाड्यांना ते लावतात, "मामा, तोच घ्या, चिंताच मिटेल." आम्ही लगेच राजी झालो. मेस्तांनी मान हलवली. ते म्हणाले, "पंप दाब दिना. पंप तेल दिता. दाब बेअरिंग दिता."

हे वाक्य आम्हांस प्रथम कोडे वाटले. मग घरी येऊन वाचू लागलो, आणि वाचता वाचता रात्री वाढल्या. पंप केवळ तेल पुढे लोटतो. ते तेल बेअरिंगांच्या अरुंद फटींतून सुटू पाहते आणि सुटताना अडखळते, त्या अडखळण्याला आपण दाब म्हणतो. फटी रुंद झाल्या की तेच तेल दाबाशिवाय वाहून जाते. शिवाय बेअरिंगावर क्रँक तरंगतो तो पंपाच्या दाबाने नव्हेच. इंग्लंडात १८८३ साली बीचम टॉवर नावाच्या एका अभियंत्याने आगगाडीच्या आसाच्या बेअरिंगावर प्रयोग चालवले होते. तेल घालण्यासाठी त्याने बेअरिंगाच्या माथ्यावर भोक पाडले, तर तेल आत जाण्याऐवजी बाहेर येऊ लागले. त्याने बूच मारले, ते उडाले. लाकडी खुंटी ठोकली, तीही बाहेर ढकलली गेली. तेथे दाबमापक लावला तेव्हा दाब चौरस इंचाला २०० पौंडांच्याही वर गेला. पंप कोठेच नव्हता. फिरणारा आस स्वतःच तेलाला आपल्याखाली ओढून त्याची पाचर करीत होता आणि तीवर स्वार होत होता. ऑस्बर्न रेनॉल्ड्सने १८८६ साली त्याचे गणित मांडले. तात्पर्य, क्रँकला तोलून धरणे हे पंपाचे काम नाही. त्या पाचरीला तेल कधी कमी पडू न देणे आणि वाहत्या तेलाबरोबर तिची उष्णता बाहेर नेणे, हे त्याचे काम.

मग मोठा पंप घेतला तर बिघडते काय? गॅरेजाच्या बाकावर बसून मेस्तांनी त्याचाही हिशेब करून दाखवला. आमचे बेअरिंग नवे, फटी मापात. त्यांना लागते तेवढे तेल साधा पंप देतोच. त्याहून जास्त जे येईल ते रिलीफ व्हॉल्व्ह उघडून परत चेंबरात पडणार. तेच तेल पुन्हा ओढायचे, पुन्हा ढकलायचे, पुन्हा सांडायचे. त्यात तेल तापणार, आणि हा सारा भार कॅमशाफ्टच्या टोकावरील एका बारीकशा पिनेवर पडणार. ज्याच्या फटी मुद्दाम रुंद ठेवल्या आहेत अशा शर्यतीच्या इंजिनाला तो पंप शोभतो. आमच्या गाडीला नव्हे. घरात माणसे पाच आणि पन्नासांचा भात रोज शिजवायचा, याला औदार्य म्हणत नाहीत, असे आमच्या आई म्हणाल्या. त्या तोवर ह्या चर्चेत पारंगत झाल्या होत्या.

जुन्याच पंपाचे तोंड काचेवर घासून सपाट करून त्याची फट मोडावी, असाही एक मार्ग असतो, आणि थोड्या झिजेला तो चालतो. आमच्या पंपाची चाके एकमेकांवरही झिजली होती. दातांच्या टोकांमधली फट ०.००६ इंचाच्या मर्यादेबाहेर गेली होती. घासून तोंड सपाट होते, दात परत येत नाहीत. तो मार्गही मिटला.

नवा, मूळ मापाचा पंप मागवण्याचे काम आम्ही आग्रहाने स्वतःकडे घेतले. कायद्याची पदवी असलेल्या माणसाला यादी वाचता येते, अशी आमची समजूत. इंजिनाची जात पाहिली, गाडीचे नाव पाहिले, चित्र पाहिले, पैसे भरले. टपालखर्च व जकात धरून नऊ हजार झाले. पाच आठवड्यांनी पेटी आली. मेस्तांनी पंप हातात घेतला, त्याच्या टोकाकडे पाहिले आणि तो आमच्यापुढे ठेवला. टोकाला जीभ होती.

चूक आम्हांस नंतर उमगली. हे इंजिन १९५१ मध्ये प्रथम निघाले आणि निरनिराळ्या आकारांत, निरनिराळ्या गाड्यांत २००० सालापर्यंत बनत राहिले. अर्धशतकात त्याच्या कॅमशाफ्टच्या शेपटाची घडण तीन प्रकारची झाली. जुन्या इंजिनांत कॅमशाफ्टच्या टोकातील खळग्यात आडवी पिन असते, ती पंपाच्या दांड्यावरील खाचेत बसते. काही मोठ्या इंजिनांत चांदणीच्या आकाराचा एक सुटा तुकडा दोहोंना जोडतो. पुढच्या काळातील इंजिनांत खाच गेली कॅमशाफ्टला आणि जीभ आली पंपाला. आमच्या ९४८ ला हवा होता पिनेचा पंप. आम्ही मागवला जिभेचा. चित्रात तिन्ही भावंडे सारखीच दिसतात. एवढेच नव्हे, तर ह्या गाडीत कारखाना स्वतःच दोन घराण्यांचे पंप घालीत असे, पात्यांचा बर्मन आणि चाकांचा होबर्न-ईटन. म्हणजे केवळ गाडीचे नाव व साल सांगून पंप मागवणे म्हणजे केवळ गावाचे नाव सांगून स्थळ पाहणे होय. आधी आपल्या इंजिनाचे शेपूट पाहावे, मग दुसऱ्याची यादी.

ही हकीकत वडिलांच्या कानावर गेली. त्या दिवशी, रिक्षानंतर प्रथमच, ते मनापासून हसले. "वकिलाने पंचनामा न करताच दावा लावला," ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी ते स्वतः काठी टेकीत गॅरेजात गेले आणि बाकावर बसून राहिले. मग रोजच जाऊ लागले.

दुसरा पंप मेस्तांनी मागवला, कॅमशाफ्टच्या टोकाचे माप व छायाचित्र पाठवून. तो नवाकोरा असूनही त्यांनी उघडला. पट्टी धरली, ३ थाऊ. बाहेरचे चाक व भिंत यांच्यात १० पर्यंत चालते, येथे ७. दातांत ४. मग त्यांनी पंपाचे गॅस्केट ब्लॉकवर ठेवून त्याची भोके तेलाच्या वाटांवर बरोबर येतात की नाहीत ते आमच्याकडून बोट फिरवून पाहवले. पंप बसवण्याआधी त्याच्या पोटात तेल भरून तो हाताने फिरवला, कारण कोरडा पंप तेल ओढीत नाही. पहिला घोट त्याला आपण पाजावा लागतो.

इंजिन गाडीत चढले तो २०२३ च्या डिसेंबरातला एक दिवस होता. मेस्तांनी चारही स्पार्क प्लग काढून ठेवले, म्हणजे इंजिन पेट न घेता नुसते फिरेल. दिव्याची बटणवजा स्विच जेथे बसते तेथे त्यांनी तात्पुरता दाबमापक जोडला होता; दिवा दुसऱ्या एका जोडावर ठेवला होता. आमच्याकडे 'दिवा विझला' असे कोणी म्हणत नाही. 'मालवला' म्हणतात, 'शांत झाला' म्हणतात. पण त्या दिवशी ती दोन पोरे, मेस्त, वडील आणि आम्ही असे पाच जण एका दिव्याकडे, तो कधी एकदा जातो म्हणून, डोळे लावून उभे होतो. स्टार्टर घुरघुरला. दिवा तसाच. पुन्हा घुरघुरला. मेस्तांनी हात वर करून बॅटरीला विसावा दिला. तिसऱ्या खेपेस मापकाचा काटा थरथरला, उचलला, आणि दिवा गेला. "पालवलो," एक पोर म्हणाले, आणि मेस्तांनी त्याला प्लग लावायला सांगितले.

थंड इंजिनावर काटा ६० पौंडांवर गेला. अर्धा तास चालवून, पूर्ण तापवून, मंद गतीवर आणला तेव्हा तो १८ वर टेकला आणि तेथे राहिला. मेस्तांनी तो मापक काढला नाही. डॅशबोर्डाखाली एक लहानशी पट्टी ठोकून तेथे कायमचा बसवला आणि त्याचे पैसे घेतले नाहीत. प्रसाद तेवढा न विसरता आणा, असे सांगितले.

त्याच महिन्यात आम्ही पुन्हा निघालो. सहस्रचंद्रदर्शन होऊन दहा महिने झाले होते. वडिलांचा हात आता थोडा कापत असे, म्हणून पिशवी आईंच्या मांडीवर होती. बोरीचा पूल आला, त्यांनी काच खाली केली. फोंड्याच्या गर्दीत आम्ही नेमके तेथेच अडकलो जेथे मागे अडकलो होतो. कोणी काही बोलले नाही. सर्वांची दृष्टी त्या काट्याकडे होती. तो १८ वर होता. गेल्या खेपेच्या माडाजवळून जाताना सौभाग्यवतींनी हळूच हात जोडले, माडाला की देवीला ते आम्ही विचारले नाही.

देवळासमोर तळीच्या बाजूस गाडी उभी केली. आम्ही किल्ली फिरवणार तोच वडिलांनी आमच्या हातावर हात ठेवला. इंजिन मंद चालत होते. ते डोळे मिटून ऐकत बसले, बराच वेळ. मागून एक बस आली, तिने भोंगा वाजवला.

"आता बंद कर," ते म्हणाले, आणि आईंकडून नारळ मागून घेऊन दार उघडले.